नरक्या, सदाफुली आणि स्निग्ध कण

शिवडीत आज जिथे ख्रिस्ती दफनभूमी आहे, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाची बाग होती. त्या बागेशी जोडलेला जॉन ग्रॅहम हा खरं तर टपाल खात्यातला अधिकारी. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्याने सूची केली. १८३९ साली ती छापली जात असतानाच तो खंडाळ्याला वारला आणि उरलेलं काम जोसेफ निम्मोने पुरं केलं. सह्याद्रीत वाढणाऱ्या एका लहानशा झाडाला ग्रॅहमने या सूचीत निम्मोचंच नाव दिलं होतं. वनस्पतिशास्त्रात ते झाड आज ‘नोथापोडाइटिस निम्मोनियाना’ म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडे त्याला नरक्या म्हणतात. फुलांचा वास नकोसा, लाकडाला फारसा भाव नाही, त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षं त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.

१९७२ साली चित्र बदललं. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी एन. विश्वनाथन यांना या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडलं. चीनमधल्या एका झाडातून हेच द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत वेगळं काढलं गेलं होतं, आणि कॅन्सरच्या पेशींवर ते चालतं हेही तेव्हाच दिसलं होतं. ते काढणाऱ्या दोघांपैकी एक मन्‍रो वॉल. दुसरे मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार, बी.एस्सी. आणि एम.एस्सी. मुंबई विद्यापीठाची. नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये वॉल आणि वाणी यांनी कॅम्प्टोथेसिनपाठोपाठ टॅक्सॉल म्हणजे पॅक्लिटॅक्सेल शोधलं. त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. यू या झाडाच्या बारा किलो सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम द्रव्य हाती आलं होतं. स्तनाच्या, बीजाशयाच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी आज जगभर जे औषध शिरेतून चढवलं जातं, त्याच्या शोधाशी नंदुरबारच्या माणसाचं नाव जोडलेलं आहे, आणि आपल्याकडे ते फार थोड्यांना ठाऊक आहे. वाणी ११ एप्रिल २०२० रोजी गेले. आपणही त्या आठवड्यात टाळेबंदीत होतो. बातमी आली आणि विरून गेली.

झाडातून रेणू मिळाला की औषध मिळालं, असा आपला समज असतो. या दोन्ही रेणूंनी तो खोटा ठरवला, कारण दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत. रक्त म्हणजे मुख्यतः पाणी. जे विरघळत नाही ते शिरेत घालायचं कसं?

कॅम्प्टोथेसिनच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी सोपी वाट धरली. त्याचा सोडियम क्षार केला. तो पाण्यात विरघळला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पेशंटना तो देऊन पाहिला आणि लवकरच प्रयोग थांबवावा लागला. गुण तर विशेष आला नाहीच, उलट पेशंटच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. का, ते नीट समजायला पुढे बरीच वर्षं लागली. या रेणूत अणूंचं एक कडं आहे. ते मिटलेलं असेल तरच औषध काम करतं. क्षार करताना ते उघडतं, म्हणजे पेशंटला मिळत होतं ते जवळजवळ निकामी रूप. मग ते मूत्रात उतरतं, तिथल्या आम्लात कडं पुन्हा मिटतं, आणि ज्या अवयवात औषध नको तिथेच ते जागं होतं. जे झाड कॅन्सरवर मात करू शकलं असतं, त्याचं औषध दोन दशकं मागे पडलं ते या एका गोष्टीमुळे.

पॅक्लिटॅक्सेलची गाडी दुसऱ्या वाटेने पुढे गेली. ते क्रेमोफोर नावाच्या एरंडेलापासून केलेल्या द्रवात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलं गेलं. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. पण क्रेमोफोर स्वतःच त्रास देणारा निघाला. काही पेशंटना सलाईन सुरू होऊन पाच-दहा मिनिटं होतात न होतात तोच धाप लागते, अंगावर पित्त उठतं, रक्तदाब घसरतो. म्हणून आधी स्टिरॉइड, मग अ‍ॅलर्जीविरोधी औषध, मग अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन, आणि त्यानंतर तीन तास थेंब थेंब. साध्या पीव्हीसीच्या नळीतून हे औषध देता येत नाही, कारण हाच द्रव नळीतल्या प्लास्टिकमधली रसायनं ओढून घेतो. नळी वेगळी लागते. परळच्या डे-केअरमध्ये केमो घेणाऱ्या बाईला यातलं कोणी समजावून सांगत नाही. तिला एवढंच कळतं की आदल्या रात्री गोळ्या घ्यायच्या आहेत, आणि मधुमेह असेल तर पुढचे दोन-तीन दिवस साखर वर जाणार आहे. हा त्रास झाडाचा नव्हे, ज्या द्रवातून औषध नेलं त्या द्रवाचा.

इथे स्निग्ध कणांची गोष्ट सुरू होते. १९६४-६५ च्या सुमारास केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम यांनी दाखवलं की लेसिथिन पाण्यात सोडलं की ते आपोआप बारीक पोकळ फुग्यांसारखे कण बनवतं. लेसिथिनच्या रेणूला पाणी मानवणारं डोकं असतं आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या. शेपट्या आत लपवून डोकी बाहेर ठेवायची, तर दुपदरी भिंत उभी राहते. आपल्या पेशीची भिंतही अशीच. या कणांना लायपोसोम म्हणतात. पाण्यात न विरघळणारं औषध भिंतीच्या स्निग्ध थरात बसतं, विरघळणारं आतल्या पोकळीत. हळदीचा रंग पाण्यात उतरत नाही आणि फोडणीच्या तेलात लगेच उतरतो. मुळात तत्त्व तेवढंच आहे. औषधशाळेत मात्र तो थेंब मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, म्हणजे शंभरेक नॅनोमीटरचा करावा लागतो, आणि कोट्यवधी कण जवळपास एकाच मापाचे ठेवावे लागतात.

प्रयोगशाळेत हे काम दिसायला साधं आहे. गोल बुडाच्या चंबूत लेसिथिन, कोलेस्टेरॉल आणि औषध एका उडून जाणाऱ्या द्रावकात घालतात. चंबू कोमट पाण्यात फिरत राहतो, वरून निर्वात पंप चालू. द्रावक उडून गेला की काचेच्या आतल्या बाजूला पातळ, किंचित दुधट पापुद्रा उरतो. त्यावर पाणी घातलं की पापुद्रा सुटतो आणि द्रव दुधासारखा होतो. मग तो द्रव शंभर नॅनोमीटर भोकांच्या जाळीतून दाबाने पुन्हा पुन्हा ढकलायचा. दादर टीटी ओलांडून माटुंग्याला गेलं की १९३३ साली सुरू झालेली ‘यूडीसीटी’, म्हणजे आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी लागते. डॉ. पद्मा देवराजन, डॉ. वंदना पत्रावळे यांच्यासारख्या प्राध्यापकांनी तिथे नॅनो-औषधवाहनांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. देशातल्या औषध कंपन्यांच्या संशोधन विभागांत गेलात तर माटुंग्याचा माणूस भेटतोच.

पण या परिसरात लायपोसोम पेशंटपर्यंत पोचला तो प्रथम परळच्या केईएम रुग्णालयात, आणि तो कॅन्सरसाठी नव्हता. केईएमच्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी (पुढे त्या तिथल्या अधिष्ठाता झाल्या) दिल्ली विद्यापीठातले प्रा. बिमल बच्छावत यांच्या सोबतीने अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं औषध लायपोसोममध्ये घातलं. हे औषध झाडाचं नाही, मातीतल्या जिवाणूचं आहे. त्याने पेशंटला हुडहुडी भरते, मूत्रपिंडं बिघडतात. परदेशातलं लायपोसोमी औषध तेव्हा सार्वजनिक रुग्णालयाच्या कल्पनेच्याही पलीकडे महाग होतं. क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनचं लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल घेऊन स्वस्तात होईल असं औषध तयार केलं. काळा आजार या परजीवीच्या रोगातही ते देऊन पाहिलं; त्या पेशंटवरच्या मात्रांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे ते ‘फंगिसोम’ नावाने बाजारात आलं. देण्याआधी त्याची बाटली पाण्याच्या भांड्यात ठेवून पाऊण तास ध्वनिलहरींनी हलवावी लागते, म्हणजे कण पुन्हा बारीक होतात. वॉर्डात आधीच धावपळ असते, त्यात हा पाऊण तास सिस्टरला सांभाळावा लागतो. स्वस्ताईची ती किंमत होती, आणि माझ्या मते रास्त किंमत होती.

काळा आजारात एक गोष्ट लायपोसोमच्या बाजूने होती. रक्तात परका कण दिसला की यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी तो गिळतात. काळा आजाराचा परजीवी नेमका याच पेशींत दडून बसतो. औषध न सांगता शत्रूच्या घरात पोचतं. कॅन्सरमध्ये हीच गोष्ट उलटते. गाठ स्तनात किंवा स्वादुपिंडात आणि कण जाऊन बसले यकृतात, तर काय उपयोग? म्हणून कणांवर पॉलिथिलीन ग्लायकॉलचं आवरण चढवलं गेलं. त्याला पाणी चिकटून राहतं, भक्षक पेशींना कण लवकर ओळखता येत नाही आणि तो तासन्‌तास रक्तात फिरत राहतो. अशा आवरणातलं पहिलं कॅन्सरचं औषध डॉक्सिल. १९९५ साली अमेरिकेत मान्य झालं. २०१२ मध्ये तिथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकी औषध प्रशासनाने मुंबईच्या सन फार्माचं ‘लिपोडॉक्स’ आयात करायला तात्पुरती परवानगी दिली, आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीच्या जेनेरिकला मान्यता मिळाली. लायपोसोम बनवणं किचकट असतं, पण ते मुंबईच्या कंपनीला जमतं, हे त्यातून जगाला दिसलं.

नरक्यातल्या रेणूलाही अखेर वाहन मिळालं. कॅम्प्टोथेसिनमध्ये थोडे बदल करून इरिनोटेकन आणि टोपोटेकन ही औषधं तयार झाली. दोन्ही १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये इरिनोटेकनचं लायपोसोमी रूप आलं. सुमारे ११० नॅनोमीटरचा कण, पोकळीत साखरेपासून बनवलेल्या एका क्षाराशी घट्ट बांधलेलं औषध. आतलं वातावरण आम्ल ठेवलेलं, त्यामुळे कडं मिटलेलं राहतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोडियम क्षारात जे बिघडलं होतं ते चाळीसेक वर्षांनी असं सावरलं. हे औषध स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी आहे. पहिल्या मोठ्या चाचणीत साध्या केमोला त्याची जोड दिली, तेव्हा आयुर्मानाचा मध्यांक ४.२ महिन्यांवरून ६.१ महिन्यांवर गेला. नंतरच्या चाचणीत, चार औषधांच्या मिश्रणात सुरुवातीपासूनच दिल्यावर तो ९.२ वरून ११.१ महिने झाला.

हे आकडे मी मुद्दाम पूर्ण दिले. दोन महिने. ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला हे दोन महिने नगण्य वाटणार नाहीत, आणि ते आपण नगण्य म्हणूही नये. पण ‘नॅनो’ म्हटलं की औषध थेट गाठीत जाऊन बसतं, असं जे चित्र वर्तमानपत्रांतून रंगवलं जातं, ते खरं नाही. १९८६ साली जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे मोठे कण त्यातून बाहेर झिरपून गाठीत साचतात. उंदरात हे छान दिसतं. माणसात प्रत्येक गाठ वेगळी. काहींत गळती भरपूर, काहींत जवळजवळ नाहीच. टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा हिशेब मांडला, तेव्हा दिलेल्या कणांपैकी मध्यांकाने ०.७ टक्के कण गाठीत पोचले होते. बाकीचे मुख्यतः यकृतात, प्लीहेत.

मग वाहनाने साधलं काय? मुख्यतः त्रास कमी केला. डॉक्सिलने त्यातल्या औषधाचा हृदयावरचा घाव हलका केला. पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधून दिलं, किंवा स्निग्ध पदार्थांत मिसळून, तर क्रेमोफोर जातो. त्याच्याबरोबर स्टिरॉइडचा मोठा डोस जातो आणि तीन तासांची सलाईन अर्ध्या तासावर येऊ शकते. चीनमध्ये लायपोसोममधलं पॅक्लिटॅक्सेल २००३ पासून वापरात आहे. मुंबईच्या सन फार्मा अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्च कंपनीने कोलेस्टेरिल सल्फेट आणि कॅप्रिलिक आम्ल यांच्या आधाराने पॅक्लिटॅक्सेलचे शंभरेक नॅनोमीटरचे कण केले. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये अल्ब्युमिनवाल्या औषधाशी त्याची तुलना करणारी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. अहमदाबादच्या इन्टासने यूच्याच कुळातल्या डोसिटॅक्सेलला सोयाबीनच्या लेसिथिनमध्ये आणलं, त्यात ते विरघळवायला एरवी लागणारं ना पॉलिसॉर्बेट ना अल्कोहोल.

त्रास कमी होणं ही दुय्यम गोष्ट आहे, असं संशोधनाच्या जगात अनेकदा मानलं जातं. परळमध्ये उभं राहून मला ते मान्य होत नाही. इथलं टाटा कॅन्सर रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, तेव्हापासून देशभरातून माणसं इथे येत आहेत. त्यांतली कितीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात, जागा मिळाली नाही तर रस्त्याकडेला राहतात. केमोनंतर ताप आला, साखर चढली, उलट्या थांबेनात, तर घर शेजारी नसतं. पुन्हा कॅज्युअल्टी, पुन्हा केसपेपर, पुन्हा रांग. गावाकडे शेत पडून असतं. सोबत आलेल्या भावाची रजा संपलेली असते. अशा माणसासाठी केमो निभावता येणं आणि केमो अर्धवट सोडणं यांत जगण्या-मरण्याचा फरक आहे. उपचार मध्येच सोडले की चाचणीतले सगळे आकडे कागदावर राहतात.

सदाफुलीचं उदाहरण यासाठी घ्यावंसं वाटतं. गिरगावच्या चाळीत कठड्यावरच्या डब्यात तुळशीशेजारी ती असते. दादरच्या फुलबाजारात तिला कोणी विकायला आणत नाही. मधुमेहावर तिची पानं चावण्याची रीत आपल्याकडे आहे, तशी जमैकातही होती. तिथून कॅनडात पाठवलेल्या पानांवर रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर काम करत होते. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन आलं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. टनावारी पानांतून काही ग्रॅम. १९८४ च्या सुमारास टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेतले डॉ. इयन मॅग्राथ यांनी मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी ‘एमसीपी-८४१’ ही उपचारपद्धती आखली, तिच्यात व्हिन्क्रिस्टिन होतं, आणि या आजारातून मुलं वाचू लागली. व्हिन्क्रिस्टिनची अडचण विरघळण्याची नाही, ते मज्जातंतूंना इजा करतं. हातापायांना मुंग्या येतात, पोट साफ होत नाही, कधी पोराला चालताना पाऊल उचलवत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याचं लायपोसोमी रूप मान्य झालं. औषधशाळेतच कुपीत तयार करावं लागे, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून. ठरलेली पुढची चाचणी पुरी झाली नाही आणि २०२२ मध्ये मान्यता मागे घेतली गेली. कल्पना उत्तम होती; पुरावा जमवायचं काम कोणी तडीस नेलं नाही. (कोणी घरच्या सदाफुलीची पानं कॅन्सरवर खात असेल तर कृपया थांबवावं. त्यात औषधाचं प्रमाण किती हे सांगता येत नाही, आणि हा विषारी द्रव्यांचा गट आहे.)

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत हळद दळली जाते तिथून टाटा रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हळदीतल्या कर्क्युमिनवर, त्याच्या नॅनोकणांवर जगभर निबंधांचा ढीग पडलेला आहे. बशीतल्या पेशी मरतात, उंदराची गाठ आकसते, आणि पुढचा निबंध पुन्हा बशीपासून सुरू होतो. कॅन्सरचं मान्य औषध म्हणून त्यातलं एकही वॉर्डात आलेलं नाही. तरुण संशोधकांच्या मेहनतीची मला कदर आहे, पण विद्यापीठांनी आता बशीतल्या नव्या कणापेक्षा माणसावरच्या एका नीट चाचणीला जास्त मोल द्यायला हवं.

आणि झाडांचा विचारही करायला हवा. इरिनोटेकन आजही मुख्यतः झाडातून काढलेल्या कॅम्प्टोथेसिनपासून बनतं. त्यामुळे नरक्याला अचानक भाव आला. कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडून नरक्याचं लाकूड भरलेली वाहनं वनखात्याने पकडल्याच्या बातम्या येत राहिल्या. ज्या औषधाला वाहन नीट मिळतं त्याची मागणी वाढते, मागणी वाढली की सह्याद्रीत कुऱ्हाड पडते. नरक्याची लागवड आणि रेणू पेशीसंवर्धनातून मिळवण्याचे प्रयत्न हा स्निग्ध कणांच्या संशोधनाचाच भाग मानून त्याला पैसा मिळायला हवा.

परळला स्वस्त आणि मजबूत चाचणी करता येते, याचा पुरावा ताजा आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टाटाच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, देऊन पाहिलं. एका वर्षानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. त्या औषधाचा स्निग्ध कणांशी संबंध नाही, पण प्रश्न विचारण्याची ती रीत आहे. तशीच रीत आता पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेलच्या स्निग्ध रूपांना लावावी. साधं औषध एका गटाला, कणांचं दुसऱ्याला. किती महिने जगले हे मोजावंच, पण त्याबरोबर केमोचे सगळे डोस किती जणांनी पुरे केले, किती जण मधेच पुन्हा भरती झाले, मधुमेह्यांची साखर किती चढली, शर्टाचं बटण लावता न येण्याइतकी बोटं किती जणांची बधिर झाली, सोबतच्या नातेवाइकाचे कामाचे किती दिवस बुडाले, आणि धर्मशाळेतली खोली किती दिवस अडकून राहिली, हेही मोजावं. साध्या औषधापेक्षा कणांचं इंजेक्शन महाग पडतं, म्हणून महापालिकेच्या रुग्णालयाच्या खरेदी समितीपुढे ठेवायला नेमके हेच आकडे लागतील.